पोटऱ्या पाहून खोली

खोली मागायला गेलो तेव्हा मालकांनी मला पायजमा गुडघ्यापर्यंत वर करायला सांगितला.

बुलडाण्यात त्या काळी भाड्याची खोली हवी असली की आधी आडनाव सांगावं लागे, मग गाव, मग गावात घर कोणत्या अंगाला आहे ते. एवढ्यात समोरच्याचं समाधान झालं नाही तर तो पाणी विचारून वाटेला लावी. असं दोन-चार घरांचं पाणी पिऊन मी मालकांच्या ओट्यापाशी पोचलो होतो. मालक वहाणांना तेल चोपडत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "चालता का?"

मला वाटलं, चालचलणूक विचारताहेत. "चांगली आहे," मी म्हणालो.

"चांगली-वाईट कोणी पुसलं? पायानं चालता का? पायजमा वर करा."

मी केला. मालकांनी तेलाचा हात धोतराला पुसला, माझी पोटरी दोन बोटांत धरली आणि बाजारात वांगं दाबून पाहावं तशी दाबून पाहिली.

"हे तं जवारीचे धांडे आहेत. गाव कोणतं?"

"वरवट बकालच्या अलीकडचं."

"तरीच. तिकडं चढ म्हंजे विहिरीचा काठ." मग बराच वेळ त्यांनी माझ्या पायांकडे असं पाहिलं, जसा एखादा सुतार वाकड्या लाकडाकडे पाहतो. "या राहायला. सुधारू."

महाराष्ट्र नवा होता. जिल्हा परिषद त्याहून नवी होती. कचेरीवरची पाटी बदलली होती, आत खुर्च्या जुन्याच होत्या. त्यातल्या एका खुर्चीवर बांधकाम खात्याचा कारकून म्हणून मी नुकता बसू लागलो होतो. मालकांच्या परसात तीन खोल्या होत्या. एकीत मी, एकीत उर्दू शाळेचे शेख मास्तर आणि त्यांची बायको, आणि तिसरीत मालकांचं सामान: दोऱ्या, कंदील, पाण्याच्या छागला, धावड्याच्या काठ्या आणि पोलिसांच्या लिलावातून आणलेल्या खाकी हाफपँटी. त्या हाफपँटी कोणालाच मापात बसत नसत, आणि प्रत्येक भाडेकरूला घालाव्या लागत.

मालक दिवाणी कोर्टात नाझर होते. जन्मभर त्यांनी जप्त्या नेल्या, लोकांच्या दारांना कुलपं घातली आणि लाखेवर शिक्के उठवले. हे सगळं काम खुर्चीत, बैलगाडीत नाही तर बसमध्ये बसून झालं. निवृत्त झाल्यावर पाय सुजू लागले तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं. कुठं थांबायचं ते सांगायचं राहून गेलं. मालक बुलडाण्याच्या पठाराच्या कडेपर्यंत चालत गेले, आणि कडा संपल्यावर तसेच खाली उतरले.

खाली आसरामायची दरी. काळ्या खडकाच्या पायऱ्या पायऱ्यांनी उतरत गेलेली, साग-सालईनं भरलेली, तळाशी डोह आणि डोहाच्या काठी शेंदूर फासलेले सात दगड, साती आसरा. गुराख्यांखेरीज तिथं कोणी जात नसे. मालक दर रविवारी जाऊ लागले, आणि त्यांच्या मागून त्यांचे भाडेकरू.

एकदा डाकबंगल्यात उतरलेल्या कोणा भूगर्भवाल्या प्रोफेसरानं त्यांना सांगितलं होतं, की हा सगळा मुलूख ज्वालामुखीतून निघालेल्या तप्त रसाचा झालेला आहे. त्या दिवसापासून मालकांची चालण्याची ढब बदलली. रस्त्यात कोणीही भेटला की ते त्याच्या पायाखाली काठी आपटत. "कशावर उभे आहात माहीत आहे का? थंड झालेल्या आगीवर!" लोक दचकून बाजूला होत. दरीत भर दुपारी ते खडकावर तळहात ठेवत आणि गंभीरपणे म्हणत, "अजून कोमट आहे." त्या वेळी ऊन असं असे, की त्याच खडकावर पापड भाजून निघाले असते.

मालकीणबाईंना या आगीचं कौतुक नव्हतं. "पेटला तुमचा डोंगर तं आधी घरी सांगाले या," त्या म्हणत. "तेवढ्यात भाकरी भाजून घेईन. लाकडं लई महाग झाले." त्या कधी दरीत आल्या नाहीत. रविवारी पहाटे भाकरी, तिळाची चटणी आणि कांदा फडक्यात बांधून देत आणि दारात उभ्या राहून मला सांगत, "बाबू, ह्यांच्या मागं राहा. पुढं गेले की ह्यांले राग येते."

ते खरंच होतं. मालकांच्या पुढं जायचं नाही, हा एक नियम. उतरताना बोलायचं नाही, हा दुसरा. आणि दम लागला असं कोणी म्हणायचं नाही, हा सगळ्यांत मोठा. मालकांना स्वतःला दम लागला की ते थांबून झाड दाखवत. "हे पाहा, धावडा." आम्ही धावडा पाहत असू तोवर ते श्वास गोळा करत. त्यामुळे चढ जितका उभा तितकं आमचं वनस्पतींचं ज्ञान वाढे. पण येताना तेच झाड सालई व्हायचं, पुढच्या रविवारी मोई. एकदा शेख मास्तर न राहवून म्हणाले, "मालक, मांगच्या खेपेला हा धावडा होता."

"झाडं वाढतात, मास्तर," मालक म्हणाले.

शेख मास्तर मूळचे दुसरबीडकडचे. लहानपणी रोज डोंगर ओलांडून शाळेत गेलेला माणूस. त्यांच्या पोटऱ्या पाहून मालकांनी जागेवरच किल्ली काढून दिली होती, हे मालक स्वतः येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "नाव नंतर पुसलं मी! आधी पोटरी पाह्यली. माणसाची जात पोटरीत असते. बाकी सगळं वरचं पीठ." हे सांगताना ते मास्तरांना बोलावून घेत. मास्तर हसत येत, पायजमा थोडा वर करत, आणि पाहुणा मान डोलावून चहा पिई. मालकांची उदारता अशी सगळ्यांना हात लावून पाहता येई.

दरीला सरकारदरबारी नाव मिळावं म्हणून मालकांनी पुष्कळ खटपट केली. शेवटी आमच्या परिषदेचे एक सभापती जीपमधून कड्यापर्यंत आले. ते खाली उतरले नाहीत. जीपमधूनही उतरले नाहीत. बसल्या जागेवरून त्यांनी दरी पाहिली आणि म्हणाले, "जागा छान आहे. सपाट करून घ्या." मालक त्या रात्री जेवले नाहीत.

हे सगळं हसण्यावारी चाललं असतं, पण त्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी गल्लीतले दोन प्रतिष्ठित मालकांच्या ओट्यावर येऊन बसले. एक वकीलसाहेब. ते कोर्टात मालकांच्या समोर वाढलेले, आता नगरपालिकेला उभं राहायच्या विचारात होते आणि त्यासाठी शुद्ध मराठी बोलू लागले होते. दुसरे कापडाचे दुकानदार शेटजी. ते कुठल्याच विचारात नव्हते, पण वकील जिथं जात तिथं जात.

मी परसातून पाणी भरत होतो, सगळं ऐकू येत होतं.

"नाझरसाहेब," वकील म्हणाले, "आपल्या गल्लीचं एक वातावरण आहे."

"आहे की. थंड हवा आहे."

"तसं नव्हे. माणसं आपापल्या लोकांत शोभतात. शेख मास्तर सज्जन आहेत. आमची काहीच तक्रार नाही. म्हणूनच म्हणतो, त्यांना दुसरीकडे अधिक बरं वाटेल."

"तं ते त्यांले पुसा."

"विचारायचं घरमालकानं असतं. बायाबापड्या आहेत, विहीर एक आहे..."

"विहीर माझी आहे," मालक म्हणाले. "आणि त्यांची बायको माझ्या बायकोच्या बादलीनं पाणी काढते. तुमच्या बादलीचा काय संबंध?"

शेटजी म्हणाले, "हे सारी गल्ली म्हणून राह्यली."

"गल्ली कुठं म्हणून राह्यली? तुम्ही दोघं म्हणून राह्यले."

इथं मालकांनी गप्प बसायला हवं होतं. पण त्यांना त्यांच्या आवडत्या वाक्याची उबळ आली. त्यांनी काठी आपटली. "माणसाची जात पोटरीत असते! तुम्हांले वाटते ना तुमची जात मोठी? मंग या रविवारी दरीत. मास्तरासंगं उतरा, डोहाचं पाणी घ्या अन् वर या. मास्तराच्या आधी तुमच्यातला एक जरी वर आला, खोली खाली करतो. नाही आला, तं ह्या ओट्यावर पुन्हा ही गोष्ट नाही."

वकील हसले. नागपूरला शिकताना ते हुतूतू खेळले होते आणि अजून त्या आठवणीवर जगत होते. "मान्य," ते म्हणाले. शेटजींनी वकिलांकडे पाहिलं आणि तेही म्हणाले, "मान्य."

ते गेल्यावर मालक हात चोळत परसात आले. "मास्तर! ओ मास्तर! ऐकलं का? रविवारी यांची जिरवू!"

मास्तरांच्या खोलीचं दार लावलेलं होतं. आत दिवा होता. दार उघडलं नाही.

सकाळी ते स्वतः आले. मालक ओट्यावर दात घासत होते. मी कचेरीत निघालो होतो तो थांबलो.

"मालक, एक बात बोलू का? राग नका मानू."

"बोला की."

"मी नाही उतरत रविवारी."

मालकांच्या तोंडातली राखुंडी तशीच राहिली. "काऊन? पाय दुखतो का?"

"पाय चांगले आहेत. पायाचीच बात आहे." मास्तर खाली पाहून, पण न अडखळता बोलत होते, वर्गात बोलावं तसं. "तुम्ही मले पोटऱ्या पाहून खोली देली. मी हसलो. मले खोली पाह्यजे होती. माझी बायको त्या दिवशी हसली नाही. मंग तुम्ही पाहुण्यांले माझ्या पोटऱ्या दाखवल्या, तवाही मी हसलो. आता तुम्ही त्याच्यावर शर्यत लावली. जिंकलो तं राहीन, हरलो तं जाईन. म्हंजे माझं घर माझ्या पायात आहे, तुमच्या शब्दात नाही. उद्या पाय मोडला तं?"

"अरे, पण तुम्ही हरणारच नाही!"

"घोडा बी हरत नाही, मालक. त्याले कोणी घर देत नाही, तबेला देते."

मी मालकांच्या मागून इतके चढ चढलो होतो, पण दाखवायला झाड नसताना ते थांबलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"तुम्ही म्हणाल तं महिन्याअखेर दुसरी जागा पाहतो," मास्तर म्हणाले. "पण पळणार नाही." सलाम करून ते शाळेत गेले.

मालकीणबाई आतून सगळं ऐकत होत्या. त्या उंबऱ्यात आल्या. "बरोबर बोलला तो," म्हणाल्या. "मी इतक्या दिवसांपासून हेच म्हणून राह्यली होती, पण माझ्या पोटऱ्या तुम्ही कधी पाह्यल्या नाहीत, मंग ऐकाल काऊन?"

तो सगळा आठवडा मालकांनी एकदाही काठी आपटली नाही. रविवारी पहाटे मात्र हाफपँट चढवून, छागल माझ्या खांद्यावर टाकून कड्यावर हजर झाले. वकील कॅनव्हासचे नवे बूट घालून आले होते. शेटजी रोजच्या पंपशूत आणि दुकानातल्या सगळ्यांत बारीक पोताच्या धोतरात होते.

"मास्तर कुठं आहेत?" वकिलांनी विचारलं.

"घरी. निजले असतील. सुट्टी आहे त्यांले."

"म्हणजे माघार?"

"त्यांच्या वतीनं मी चालतो. मी मांगं राह्यलो तं तुमचं खरं."

वकिलांनी मालकांच्या पिकल्या मिशांकडे पाहिलं आणि उदारपणे मान हलवली.

दिवाळीनंतर आसरामायच्या दरीत कुसळी गवत कमरेइतकं वाळून उभं असतं. त्याची कुसळं कापडात शिरतात आणि फिरत फिरत आतच जातात. बाहेरचा रस्ता त्यांना माहीत नसतो. आम्ही दोघं हाफपँटीत, उघड्या पोटऱ्यांनी जात होतो. शेटजींचं धोतर पहिल्या उतारातच साळिंदरासारखं झालं. वकील मात्र जोरात निघाले. मालकांच्या पुढं गेले. "नाझरसाहेब, सावकाश या," ते खालून ओरडले, "वयाचा मान ठेवा!" एवढं बोलून त्यांनी पुढचा पाय टाकला तो वाळक्या गवतावर. नवे बूट गुळगुळीत होते. वकील बसले आणि बसल्या-बसल्या तीन पायऱ्या खाली गेले.

"अबे मेलो ना बे!" ते ओरडले. "काय रस्ता आहे का काय आहे हा, मायबाप!"

त्यांची शुद्ध मराठी त्या पहिल्या पायरीवर राहिली. ती पुन्हा गल्लीत येईपर्यंत भेटली नाही.

डोहापर्यंत सगळे पोचले. वकिलांनी पाण्यात तोंड बुडवलं. शेटजी कुसळं उपटायला म्हणून एका वेलीच्या सावलीला टेकले. तपकिरी मखमलीसारख्या शेंगा अंगावर लोंबत होत्या. मालकांनी ते पाहिलं. त्यांच्या तोंडून शब्द निघेपर्यंत शेटजींनी हात टेकायला एक शेंगांचा झुबका धरला होता.

"शेटजी, ती खाजकुहिरी आहे."

"काय आहे?"

उत्तर द्यायची गरज पडली नाही. शेटजी उठले, बसले, पुन्हा उठले आणि मग धोतरासकट डोहात शिरले. पाण्यात ते काय म्हणाले ते त्या सात आसरांनी ऐकलं. पुढचं सारं अंतर ते दोन्ही हातांनी स्वतःला खाजवत चालले, त्यामुळे चढाला धरायला त्यांना हात उरला नाही.

चढताना मालकांनी एकही झाड दाखवलं नाही. मी मागून चालत होतो. त्यांच्या गळ्यातून भात्यासारखा आवाज येत होता. दोनदा ते गुडघ्यावर हात टेकून थांबले. एकदा मी म्हणालो, "मालक, दम घ्या." ते म्हणाले, "हो रे बाबू. लागला खरा." मला ते ऐकून भीतीच वाटली.

पण वर तेच आधी आले. कड्यावर काठी रोवून, डोळे मिटून बसून राहिले. पुष्कळ वेळानं वकील आले, हातापायांवर. त्यांच्या मागून शेटजी. वकिलांनी श्वास घेतला, बुटातला खडा काढला आणि तेवढ्या वेळात त्यांना मुद्दा सापडला.

"ही शर्यत धरता येत नाही," ते म्हणाले. "बोलणं मास्तराचं झालं होतं. तुम्ही त्याच्या जागी कसे चाल्ले? वकीलपत्र आहे का त्याचं तुमच्यापाशी? नाही. म्हंजे तो गैरहजर. गैरहजर तं एकतर्फी निकाल. खोली खाली करा."

मी मालकांकडे पाहिलं. मला वाटलं आता काठी आपटतील, थंड झालेली आग, पोटरी, सगळं येईल. त्यांनी छागलीतलं पाणी वकिलांना दिलं.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "शर्यत खोटी होती. लावायलाच नको होती. मास्तर हरला असता तरी त्याले मी काढलं नसतं, अन् जिंकला म्हणून ठेवतो असंबी नाही."

"मंग कशासाठी ठेवता?"

मालकांनी काठीच्या टोकानं माती उकरली.

"त्याची खोली आहे ती," शेवटी ते म्हणाले. "तो राहते तिथं. लोकांच्या दारांले कुलपं लावण्यात माझी सगळी नोकरी गेली, वकीलसाहेब. तुम्ही हुकूम आणून द्यायचे, मी लावायचो. आता नाही लावत. बस."

वकिलांनी बूट चढवला. शेटजी म्हणाले, "घरी चला बा, आग होऊन राह्यली."

गोष्ट इथं संपली असं मला वाटलं. मी तरुण होतो. गल्ली हरली की काय करते ते मला माहीत नव्हतं.

गल्लीनं काहीच केलं नाही. कोणी भांडलं नाही, कोणी वाईट बोललं नाही. फक्त मालकांच्या घरी येणं बंद झालं. मालकांना ते महिनाभर कळलंदेखील नाही. त्यांच्याकडे तसंही दरीत न येणारं कोणी यावं असं त्यांना वाटत नसे. ते एकटेच किंवा मला घेऊन रविवारी उतरत. मास्तर खोलीतच राहिले, पण दरीत येत नसत. मालक त्यांना बोलवतही नसत. परसात समोरासमोर आले की दोघं हवापाण्याचं बोलत. ज्या दोघांनी मिळून इतके चढ चढले, त्यांना परसातली पाच पावलं अवघड झाली होती.

संक्रांत आली. मालकीणबाईंनी हळदीकुंकवाची तयारी केली. सतरंजी घातली, तिळाचे लाडू वळले, वाण म्हणून द्यायला कुंकवाच्या डब्या आणल्या. घरोघर स्वतः जाऊन बोलावणं केलं. मास्तरांच्या बायकोनं, तिला आम्ही भाभी म्हणत असू, सकाळपासून त्यांना हाताशी मदत केली. दुपार कलली. दिवे लावायची वेळ झाली. सतरंजीवर एकट्या भाभी बसल्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन, आपल्यामुळेच हे झालं हे कळलेल्या माणसासारख्या. त्या उठू लागल्या की मालकीणबाई म्हणत, "बस पोरी. तू काऊन उठतं? तू तं आली आहेस."

मालक बाहेरून आले. सतरंजी पाहिली, डब्यांची रास पाहिली. "अजून कोणी आलं नाही?"

मालकीणबाई हलक्या आवाजात बोलल्या, पण परसात आम्हांला ऐकू आलं.

"तुमचं काय जाते? तुमाले दरी आहे. मले ह्या गल्लीशिवाय दुसरं काय आहे?"

मग मालक बाहेर आले. गळ्याला मफलर, अंगात कोट, खाली तीच खाकी हाफपँट, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात लाडवांचा पितळी डबा. मला आणि मास्तरांना ओट्यावर पाहून ते क्षणभर थांबले, जणू परवानगी मागायची राहिली होती. मग समोरच्या वकिलांच्या दारात गेले आणि कडी वाजवली.

दार वकिलांनीच उघडलं.

"तिळगूळ घ्या," मालक म्हणाले.

"नाझरसाहेब, तुम्ही? अहो, हा बायकांचा कार्यक्रम असतो."

"बायकोचं बोलावणं तुमच्या घरानं नाकारलं. मी म्हातारा सणाच्या दिवशी तिळगूळ घेऊन दारात उभा आहे. मले नाकारून दाखवा."

वकिलांनी गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. एक सोडून बाकी प्रत्येक दार बोटभर उघडलेलं होतं. निवडणूक जवळ आली होती. त्यांनी हात पुढं केला.

"गोड बोला," मालक म्हणाले.

"बोलतो की."

"आता बोला."

"आता? काय बोलू?"

"काहीबी. पण गोड."

वकिलांनी फार विचार केला. युक्तिवाद पुष्कळ सुचत असावेत, गोड काही सुचेना. "तब्येत कशी आहे?" ते अखेर म्हणाले.

"झकास आहे. वहिनींले पाठवा. तिकडं एक बाई दुपारपासून वाट पाहून राह्यली." आणि मालक पुढच्या दाराकडे वळले.

शेटजींनी त्यांना दारात पाहिलं आणि त्यांचा हात आपोआप मांडीकडे गेला. मालकांनी तो अर्ध्यात धरून त्यावर लाडू ठेवला. त्यापुढचं घर एका म्हाताऱ्या विधवेचं. तिला कोणी हळदीकुंकवाला बोलवत नसे, म्हणून तिनं दार उघडंच ठेवलं नव्हतं. मालकांनी तेही वाजवलं. ते एकेका दारापाशी काठी टेकून उभे राहत, बोलत, पुढं जात. गल्ली लहान आहे. त्यांना परत यायला अंधार पडला.

ते ओट्यावर येऊन टेकतात न टेकतात तोच वकिलांच्या पत्नी खाली मान घालून आमच्या समोरून आत गेल्या. मग शेटजींच्या सुना. मग ती म्हातारी, पांढऱ्या लुगड्यात, आपल्याला खरंच बोलावलंय ना हे पुन्हा पुन्हा विचारत. आतून मालकीणबाईंचा आवाज आला, "या, या. बसा. भाभीच्या बाजूनं बसा, तिकडं जागा आहे." मग बांगड्या वाजल्या, कोणीतरी भाभींना लाडवात सुंठ किती घातली ते विचारलं, आणि भाभींनी सांगितलं.

आम्ही तिघं पुरुष ओट्यावर थंडीत बसून होतो. आत जायची सोय नव्हती. मालकांनी डबा उघडून पाहिला, दोन लाडू उरले होते. त्यांनी एक मला दिला. दुसरा हातात धरून ते मास्तरांकडे वळले.

"माझं चुकलं, मास्तर," ते म्हणाले. "तुमच्या घरावर माझी फुशारकी लावली मी."

मास्तरांनी लाडू घेतला. अर्धा मोडून मालकांच्या हातावर ठेवला. दोघांनी तो संपेपर्यंत खाल्ला, सावकाश, दात जपत.

"येत्या रविवारी दरीत जाऊन राह्यले का?" मास्तरांनी विचारलं.

"हाव."

"मी येऊ म्हणतो. माझ्या चालीनं चालीन. कधी पुढं, कधी मांगं."

मालकांनी मफलर सारखा केला. आत बायका हसल्या तसे त्यांनी दाराकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"या की," ते म्हणाले. "दरी काही माझ्या मालकीची नाही."